परदेशातून सोलापूरच्या घरचं व्हीपीएन लागत नाही? अडलंय कुठे, ते असं शोधा

बाहेरून इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायची वाट म्हणजे व्हीपीएन, आणि वायरगार्ड हा त्याचा एक प्रकार. फोनमधल्या वायरगार्ड ॲपचं बटण सरकवलं, ते चालू झालं, वरच्या पट्टीत किल्लीची खूणही आली. तरी विजापूर रोडवरच्या घरातला राउटर काही उघडत नाही. नवख्या माणसाला पहिला चकवा इथेच बसतो. वायरगार्डचं बटण चालू झालं म्हणजे जोडणी झाली, असं नाही. फोन आता घराच्या दिशेने पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवायला तयार आहे, एवढंच ते बटण सांगतं. पलीकडे ती कोणी घेतंय का, हे दुसरीकडे बघावं लागतं.

ॲपमध्ये टनेलच्या, म्हणजे घराशी होणाऱ्या जोडणीच्या, नावावर टिचकी मारा. खाली ‘लेटेस्ट हँडशेक’ (फोन आणि राउटरने एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं) अशी एक ओळ असते, आणि किती डेटा गेला, किती आला याचे आकडे असतात. निदान याच दोन गोष्टींवरून होतं. डेटा जातोय, पण आलेला शून्य आहे आणि हँडशेकची ओळच नाही, तर तुमचं पॅकेट घरापर्यंत पोचत नाही किंवा दारातून परत फिरवलं जातंय. हँडशेक एक-दोन मिनिटांपूर्वीचा आहे, पण पान उघडत नाही, तर रस्ता ठीक आहे आणि गोंधळ घराच्या आत किंवा तुमच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे टनेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, आहे. हँडशेक काही तासांपूर्वीचा दिसतोय, तर तोवर सगळं चालत होतं आणि मध्येच काहीतरी तुटलं. डेटा चालू असताना हा हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो, त्यामुळे ही वेळ भरवशाची असते.

या तीनपैकी आपलं कोणतं, हे ठरल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. घाईत पोर्ट (राउटरवरचा दाराचा क्रमांक) बदलला, मग किल्ली (टनेलची ओळख पटवणारा कोड) बदलली, मग राउटर रीसेट करायला लावला, की मूळ बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता हे कळायला मार्ग उरत नाही. घरी असतो तर तारेने लॅपटॉप जोडून निस्तरता आलं असतं. परदेशातून ते जमत नाही.

पुढचं सगळं वायरगार्ड धरून लिहिलं आहे, कारण नव्या राउटरमध्ये तेच सोपं आणि वेगवान पडतं. ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रकार असेल तरी शोधायचा क्रम हाच. जुन्या राउटरवर पीपीटीपी हा जुना प्रकार असेल तर त्याच्या दुरुस्तीत वेळ घालवू नका. त्याची सुरक्षा केव्हाच मोडली गेली आहे आणि आयफोनने २०१६ सालीच, आयओएस १० मध्ये, ते काढून टाकलं. अँड्रॉइड १२ पासून फोनच्या सेटिंगमध्ये पीपीटीपी किंवा तशाच जुन्या एलटूटीपीची नवी जोडणी करताही येत नाही.

सुरुवात तुमच्या खोलीतून

घरी फोन लावण्याआधी स्वतःची बाजू तपासा. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायवर आधी एक लॉगिनचं पान येतं, खोली क्रमांक किंवा ई-मेल विचारतं. व्हीपीएन आधीच चालू असेल तर ते पान उघडतच नाही, आणि पान भरल्याशिवाय व्हीपीएन चालत नाही. म्हणून टनेल बंद करा, ब्राउझरमध्ये कोणतीही साइट उघडून लॉगिन पूर्ण करा, मगच टनेल चालू करा. ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ लावून ठेवलं असेल तर तेही तात्पुरतं काढा.

तरीही आलेला डेटा शून्यच असेल तर वाय-फाय बंद करून फोनच्या स्थानिक सिमच्या डेटावर तोच टनेल लावून बघा. एका मिनिटाची ही चाचणी निम्मं कोडं सोडवते. सिमवर लागलं आणि हॉटेलात नाही, तर घरचं सगळं व्यवस्थित आहे. हॉटेलचं नेटवर्क यूडीपी अडवतंय. यूडीपी आणि टीसीपी या नेटवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं, नेहमीचा पोर्ट ५१८२०. बऱ्याच कार्यालयांत आणि हॉटेलांत वेब सोडून बाकीचे यूडीपी पोर्ट बंद असतात. यावर उपाय दोन. राउटरवर वायरगार्डचा पोर्ट आधीपासून यूडीपी ४४३ ठेवावा, कारण आजकाल ब्राउझरही त्याच पोर्टवर यूडीपी वापरतात आणि तो सहसा मोकळा असतो. किंवा ओपनव्हीपीएनचा दुसरा सर्व्हर टीसीपी ४४३ वर राखीव ठेवावा. तो सावकाश चालतो, पण जवळपास सगळीकडून निघतो.

चीनसारख्या देशात असे प्रोटोकॉल ओळखून अडवले जातात. यूएईत व्हीपीएनच्या आडून बेकायदा काम करणं हा गुन्हा आहे. ज्या देशात आहात तिथला नियम आधी वाचा. घरचा राउटर आपलाच असला तरी नेट तिथलं वापरतोय.

आता घड्याळ. ही चूक सोलापूरहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांकडून हमखास होते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला, तर कोणी जुनं पॅकेट चोरून पुन्हा पाठवतंय असं समजून राउटर ते फेकून देतो. तुम्ही जर्मनीत उतरलात आणि लॅपटॉपचा टाइम झोन न बदलता काटेच हाताने साडेतीन तास मागे घेतले, तर लॅपटॉपच्या हिशेबी खरोखरच साडेतीन तास मागची वेळ झाली. घरच्या राउटरने त्या लॅपटॉपचा त्यानंतरचा शिक्का आधीच पाहिलेला आहे. मग तो साडेतीन तास तोंडच उघडणार नाही, आणि नंतर आपोआप लागलं की माणूस चक्रावतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा, बदलायचा तर फक्त टाइम झोन बदला.

आणखी एक. फोन आणि लॅपटॉप दोन्हींत एकच कॉन्फिग फाइल टाकली असेल तर दोघं एकमेकांना ढकलत राहतात. एक लागला की दुसरा अडकतो. राउटरच्या दृष्टीने एक किल्ली म्हणजे एक माणूस. तो शेवटचा जिथून बोलला तिथेच राउटर उत्तर पाठवतो. प्रत्येक उपकरणाला वेगळा पिअर (राउटरमधली त्या उपकरणाची नोंद) आणि वेगळा पत्ता द्या: फोनला १०.८.०.२, लॅपटॉपला १०.८.०.३, असं.

मग घरी फोन: दिव्यांची भाषा

तुमची बाजू ठीक निघाली तर घरी विचारायचं. वेळेचा हिशेब ठेवा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार, दुबई बाराही महिने दीड तास मागे. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा सोलापुरात सकाळचे आठ झालेले असतात, तेव्हा ही वेळ दोघांनाही बरी.

फोनवर ‘राउटर रीस्टार्ट करा’ एवढंच म्हणू नका. घरी बहुतेक दोन डबे असतात आणि दोन्हींना घरचे लोक ‘वायफायचा डबा’च म्हणतात. कोणता ते नीट सांगा:

“आप्पा, टीव्हीच्या मागं दोन डबे आहेत बघा. लहान पांढरा आहे, त्याच्यात पिवळी बारीक वायर जाते. पिवळी वायर ओढू नका, वाकवू नका, नुसतं दिवे सांगा. लाल दिवा आहे का एखादा? लुकलुकतोय का तसाच आहे?”

त्या पिवळ्या वायरीत काचेचा केसासारखा धागा असतो. टोकाला हिरवा चौकोनी कनेक्टर असतो. ती करकचून वाकली की उजेडाचा काही भाग वळणातच गळून जातो, आणि साफसफाईत डबा भिंतीकडे दाबून ठेवला की नेमकं हेच होतं.

लहान डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही. तुमच्याकडून करण्यासारखं काही नाही. वायर वाकलेली नाही ना एवढं बघून नेटवाल्याकडे तक्रार द्यायची. आपल्याकडे बऱ्याच गल्ल्यांत फायबर खांबाखांबांवरून लोंबत येते, त्यामुळे एप्रिल-मेमधल्या वादळी पावसानंतर पहिला संशय हाच घ्यावा. ‘पॉन’चा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर उजेड येतोय, पण कंपनीच्या यंत्राने डबा अजून ओळखलेला नाही, दोन-तीन मिनिटांत स्थिर व्हायला हवा. ‘पॉन’ स्थिर हिरवा आणि ‘इंटरनेट’चा दिवा विझलेला किंवा लाल असेल तर बहुधा लॉगिन अडलंय. आधी विचारा, प्लॅनची मुदत संपली का? हे फार साधं कारण आहे, आणि परदेशातला माणूस दोन तास किल्ल्या तपासत बसतो तेव्हा ते हटकून हेच निघतं.

रीस्टार्ट करायचाच असेल तर क्रम असा. दोन्ही डब्यांची बटणं बंद. एक मिनिट थांबायचं. आधी पिवळ्या वायरीचा लहान डबा चालू. ‘पॉन’ स्थिर झाला की मोठा. मोठ्याला दोन-तीन मिनिटं द्यायची. आणि एक ताकीद रोज दिली तरी कमी: मागच्या बारीक भोकात पिन टोचायची नाही. ते रीस्टार्टचं बटण नव्हे. दहा सेकंद दाबलं की किल्ल्या, पिअर, पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं) नाव-पासवर्ड सगळं पुसलं जातं, आणि मग तुम्ही विमानाने येईपर्यंत व्हीपीएन नाही.

घरात नेट चालतंय का, याची खूण म्हणजे आप्पांच्या फोनचा मोबाइल डेटा बंद करून वाय-फायवर व्हिडिओ लागतो का बघणं. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर सिमच्या नेटवर व्हिडिओ चालेल आणि तुम्ही ‘घरचं नेट ठीक’ असं चुकीचं टिपून ठेवाल.

घराला पत्ता आहे का: सीजीनॅट

घरी नेट आहे, तुमची बाजू ठीक आहे, तरी आलेला डेटा शून्य. अशा वेळी सर्वांत जास्त शक्यता पत्त्याची. हा भाग सावकाश वाचा, कारण याच्यावर बाकी सगळं उभं आहे.

बाहेरून घरात यायचं तर घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता हवा, म्हणजे पब्लिक आयपी. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात अपुरे आहेत, म्हणून बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता देतात आणि आत प्रत्येकाला खाजगी पत्ता. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या वसाहतीला एकच फाटक असावं आणि वॉचमनकडे फक्त आतून बाहेर गेलेल्यांची यादी असावी, तसं हे. आतून कोणी बाहेर गेलं की परत येताना त्याला सोडतात. बाहेरून नवा माणूस आला की त्याला कोणत्या घरी न्यायचं हे वॉचमनला माहीतच नसतं. तो त्याला परत पाठवतो. तुमचा फोन हा तो बाहेरून आलेला नवा माणूस.

तपासायची रीत. घरच्या राउटरच्या पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’मध्ये (राउटरची बाहेरची बाजू) जो आयपी पत्ता दिसतो तो लिहून घ्या. मग त्याच घरच्या वाय-फायवरून ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं इंग्रजीत शोधा आणि तिथला पत्ता बघा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर पब्लिक पत्ता आहे. वेगळे असतील तर मध्ये कोणीतरी आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर ते सरळ सीजीनॅट. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० ने सुरू होत असेल तरी बहुधा तेच. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा तो वसाहतीचा नव्हे, तुमच्याच घरातला दुहेरी नॅट (एका पत्त्यामागे अनेक उपकरणं ठेवण्याचं काम दोन डब्यांनी करणं) असतो. त्याचं पुढे येतंच.

डीडीएनएस, म्हणजे घराच्या बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणं, इथे फसवतं. डीडीएनएसचं नाव बाहेरून दिसणारा पत्ता नोंदवून ठेवतं, म्हणून सीजीनॅट असला तरी नाव ‘बरोबर’ पत्ता दाखवतं. फक्त तो पत्ता वसाहतीच्या फाटकाचा असतो, तुमच्या दाराचा नसतो.

सीजीनॅट निघाला तर पोर्ट फॉरवर्डिंग (ठराविक पोर्टवर आलेलं पॅकेट आतल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी फरक पडणार नाही. फाटक तुमच्या हातात नाही. मार्ग तीन आहेत.

पहिला, कंपनीकडे पब्लिक आयपी मागायचा. शब्द नेमके वापरा (स्टॅटिक म्हणजे न बदलणारा): “मला सीजीनॅट नको, पब्लिक आयपीव्ही४ हवा, स्टॅटिक मिळत असेल तर स्टॅटिक द्या.” बहुतेक ठिकाणी याचे वेगळे पैसे लागतात. कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच नंबरवर ओटीपी जातो, तेव्हा फोन त्यांना शेजारी बसवून करा.

दुसरा, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. त्यात पत्त्यांची टंचाई नाही, म्हणून नॅटही नाही. राउटरला २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता मिळाला असेल तर उत्तम. एफई८० ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये (बाहेरचं पॅकेट अडवणारी चौकी) यूडीपी ५१८२० आत येऊ द्यावा लागतो, आणि डीडीएनएसमध्ये ‘एएएए’ (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद लागते. मर्यादा एकच, पण मोठी: तुम्ही बसलात त्या हॉटेलच्या नेटवर आयपीव्ही६ नसेल तर घर दिसणार नाही.

तिसरा मार्ग आमच्या मते बहुतेकांसाठी सर्वांत सोपा: टेलस्केल किंवा तशी सेवा. यात घरातलं एक उपकरण आतून बाहेर जोडणी करतं, आणि वॉचमन आतून गेलेल्याला अडवत नाही. घरी कायम चालू राहणारं काहीतरी लागतं, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा जुना लॅपटॉप. त्यावर टेलस्केल बसवायचं, घरच्या जाळ्याचा पट्टा ‘सबनेट रूट’ म्हणून जाहीर करायचा, आणि मग ॲडमिन पानावर जाऊन तो रूट मंजूर करायचा. ही मंजुरी राहून जाते आणि सगळं हिरवं दिसूनही डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) उघडत नाही. लिनक्स असेल तर आयपी फॉरवर्डिंगही चालू करावं लागतं. आणि घरच्या उपकरणाची ‘की एक्स्पायरी’ बंद करा. डीफॉल्ट मुदत १८० दिवस असते. सहा महिन्यांनी घरचा रास्पबेरी पाय अचानक गायब होतो आणि पुन्हा लॉगिन करायला तिथे कोणीतरी बसावं लागतं. टेलस्केलही आपल्या उपकरणांना १०० ने सुरू होणारे पत्ते देतं. ते पाहून सीजीनॅट समजू नका. सीजीनॅट तपासायचा तो राउटरच्या वॅन पत्त्यावरून.

दोन डबे, दोन दारं

राउटरच्या वॅनवर १९२.१६८ चा पत्ता दिसला, तर कंपनीचा फायबर डबा स्वतःच राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्या पोटात बसलाय. बाहेरून आलेलं पॅकेट पहिल्या दारात थांबतं. दोन्ही ठिकाणी पोर्ट फॉरवर्ड करा: फायबर डब्यावर यूडीपी ५१८२० तुमच्या राउटरच्या वॅन पत्त्याकडे, आणि तो पत्ता रिझर्व्ह करून ठेवा. वायरगार्ड खुद्द तुमच्या राउटरवरच असेल तर तिथे फॉरवर्डिंग लागत नाही, फक्त फायरवॉलमध्ये तो पोर्ट मोकळा हवा. याहून बरं म्हणजे फायबर डबा ‘ब्रिज’ करून घेणं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करणं. मग पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीने जोडणीसाठी ठरवलेला) तुमच्या राउटरमध्ये भरायचे. ही माहिती नेटवाल्याकडून लिहून घ्या. ब्रिज करण्याचं काम परदेशातून मुळीच करू नका.

कंपनी कधीकधी फायबर डब्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) दूरूनच बदलते, आणि त्यात तुमचं फॉरवर्डिंग पुसलं जाऊ शकतं. कालपर्यंत लागत होतं, आज नाही, घरात नेट मात्र ठणठणीत: अशा वेळी आधी हेच बघा.

पोर्ट उघडा आहे का हे दाखवणाऱ्या साइटवर विसंबू नका. त्या बहुतेक टीसीपी तपासतात. शिवाय वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही, म्हणून सगळं नीट असतानाही तिथे ‘बंद’ दिसेल.

हँडशेक आहे, पण उघडत काही नाही

इथवर आलात तर अवघड भाग संपला.

पहिला संशय पत्त्यांच्या टकरीचा. घरी १९२.१६८.१.१ आणि हॉटेलातही १९२.१६८.१.१. तुम्ही घरचा डीव्हीआर मागताय आणि लॅपटॉप तो हॉटेलातच शोधतोय. तात्पुरता उपाय म्हणजे फोनच्या सिमचा हॉटस्पॉट, कारण त्याचा पट्टा वेगळा असतो. कायमचा म्हणजे घरचा पट्टा बदलून १९२.१६८.७३.० असा कोणाच्या सहज डोक्यात न येणारा ठेवणं. पण तो निघण्याआधी बदला. टनेलमधून बसून बदललात तर ज्या फांदीवर बसलात तीच तोडली.

मग कॉन्फिगमधली ‘अलाउड आयपीज’ ही ओळ, म्हणजे कोणते पत्ते टनेलमधून जायचे ते. फक्त घरातली उपकरणं हवी असतील तर तिथे १९२.१६८.७३.०/२४ आणि टनेलचा पट्टा १०.८.०.०/२४ लिहा. भारतातून उघडतोय असं एखाद्या साइटला दिसायला हवं असेल तर ०.०.०.०/० लिहा, म्हणजे सगळं घरातून जाईल. मग वेग घरच्या अपलोडपुरताच मिळेल, हे धरून चाला. बँकेचा ओटीपी व्हीपीएनमधून येत नाही हेही लक्षात ठेवा. त्यासाठी सिमवर रोमिंग चालू हवं.

आकड्यातल्या पत्त्याने उघडतं, नावाने नाही: डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. कॉन्फिगमध्ये डीएनएस म्हणून राउटरचा पत्ता टाका.

साधं पान येतं, पण जड साइट अर्ध्यात लटकते, किंवा डीव्हीआरचं लॉगिन होतं आणि चित्र येत नाही: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. वायरगार्डचा नेहमीचा १४२० असतो. पीपीपीओई आणि मोबाइल नेटच्या वाटेत तो जड पडतो. १२८० करून बघा.

राउटरचं पान उघडतं, पण डीव्हीआर नाही: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात असो की जुळे सोलापुरातल्या घरात, हा प्रकार सारखाच. डीव्हीआरला पत्ता हाताने दिलेला असतो आणि ‘गेटवे’चा रकाना रिकामा किंवा चुकीचा असतो. त्याच वाय-फायवरचा फोन त्याला शेजारी वाटतो, म्हणून घरातून तो उघडतो. तुम्ही १०.८.०.२ वरून विचारता. उत्तर कुठल्या वाटेने पाठवायचं हे त्याला माहीत नसतं. गेटवेत राउटरचा पत्ता भरला की काम झालं. विंडोजच्या संगणकाचंही तसंच: त्याची फायरवॉल दुसऱ्या पट्ट्यातून आलेल्या विनंत्या अडवते, तिथे टनेलच्या पट्ट्याला परवानगी द्यावी लागते.

कंटाळून डीव्हीआरचा पोर्टच सरळ इंटरनेटवर उघडा करण्याचा मोह होतो. करू नका. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने जगभरातले असेच उघडे डीव्हीआर आणि कॅमेरे फॅक्टरी पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. राउटरचं ॲडमिन पानही बाहेरून उघडं ठेवायचं नाही.

मध्येच तुटतं, मग पुन्हा लागत नाही

सोलापुरात वीज गेली, आली, आणि घराचा पब्लिक पत्ता बदलला. डीडीएनएसने नवा पत्ता नोंदवला, पण त्या नावाचा पत्ता वायरगार्ड टनेल चालू होताना एकदाच विचारतं. तुमचा फोन अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. टनेल बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्याने लागलं नाही तर डीडीएनएसचं नाव जिवंत आहे का बघा. नो-आयपी या डीडीएनएस सेवेच्या फुकट नावाला दर ३० दिवसांनी ‘हो, हवं आहे’ असं कळवावं लागतं. ती मेल राहिली की नाव बंद.

ओपनव्हीपीएन असेल तर राउटरचं घड्याळही बघा. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळाला सेल नसतो. वीज आल्यावर तो जुन्याच तारखेने उठतो आणि नेटवरून वेळ मिळेपर्यंत तुमचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं. राउटरमध्ये एनटीपी (नेटवरून वेळ घेणं) चालू ठेवा.

थोडा वेळ न वापरल्यावर तुटत असेल तर कॉन्फिगमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद टाका, म्हणजे तेवढ्या वेळाने एक छोटं पॅकेट जात राहील.

पुढच्या खेपेला, निघण्याच्या आठवडाभर आधी

चाचणी घरच्या वाय-फायवरून करू नका. कित्येक राउटर आतूनच बाहेरचा पत्ता हाकारलेला ओळखत नाहीत आणि चालणारं व्हीपीएनही बंद वाटतं. फोनचा मोबाइल डेटा वापरा, तोही घराबाहेर, सात रस्त्याला चहा घेताना केला तरी चालेल. राउटरचं पान, डीव्हीआर आणि एक बाहेरची साइट, तिन्ही उघडून बघा. मग घरी येऊन दोन्ही डबे मुद्दाम बंद-चालू करा आणि पुन्हा बाहेर जाऊन तपासा. वीज गेल्यावर जे आपोआप उठत नाही, ते परदेशातून उठणार नाही.

मिनी यूपीएस घ्या, आणि त्यावर दोन्ही डबे जोडा. एकच जोडला तर उपयोग शून्य. आधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचे निघतात आणि चुकीचा व्होल्ट दिला की डबा जळतो. हिशेब सोपा आहे. ८८०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. वाटेतली घट वजा जाता २७ धरा. दोन्ही डबे मिळून १२ वॉट खात असतील तर सव्वादोन तास. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा हा सगळा संच पोटमाळ्यावर किंवा बंद कपाटात कोंबू नका, आणि यूपीएस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका.

आत शिरायची दुसरी वाट ठेवा. वायरगार्ड मुख्य असेल तर घरच्या संगणकावर टेलस्केल किंवा एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं ॲप) बसवून ठेवा, म्हणजे एक बंद पडलं की दुसऱ्याने येऊन दुरुस्त करता येतं. राउटर बंद-चालू करायला वाय-फायवरचा स्मार्ट प्लग लावत असाल तर विचार करा: राउटर बंद झाला की प्लगलाही नेट नाही, मग ‘चालू कर’ हा हुकूम त्याच्यापर्यंत पोचणार कसा? त्यापेक्षा राउटरमध्येच आठवड्यातून एकदा पहाटे चारला आपोआप रीस्टार्ट लावा.

राउटरच्या कॉन्फिगची बॅकअप फाइल, पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक स्वतःजवळ ठेवा, आणि एक प्रत घरी कपाटात. परदेशात असताना फर्मवेअर अपडेट करू नका.

शेवटी चिकटपट्टी. लहान डब्यावर ठळक ‘१’, मोठ्यावर ‘२’, दोघांच्या स्विचवरही तेच आकडे. मागच्या रीसेटच्या भोकावर एक तुकडा आडवा चिकटवा. मग फोनवर “आप्पा, आधी एक, मग दोन” एवढं सांगितलं तरी पुरतं.